हिरव्या मुखवट्याचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या गुडगावच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास होतात. सेमलाच्या, म्हणजे आपल्या सावरीच्या, शेंगा फुटून त्यांचा कापूस बाल्कन्यांमधून तरंगायला लागतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीसाहेबांचा निरोप येतो, की ज्या सदनिकाधारकांनी बाल्कनीत कूलर ठेवले आहेत त्यांनी ते त्वरित हटवावेत, इमारतीची शोभा जाते. 'ज्या सदनिकाधारकांनी' हे अनेकवचन केवळ सभ्यतेपोटी. कूलर ठेवणारी सदनिका एकच आहे आणि ती आमची आहे.

घरात दोन एसी आहेत. दोन्ही चालतात. नवऱ्याच्या मते कूलर हा आता निव्वळ माझा हट्ट आहे, आणि एकवीस वर्षांच्या संसारात त्याचं जे थोडं बरोबर निघालं त्यात हे एक. तरी निरोप आला की मी त्याखाली 'नोटेड, थँक्यू' असं लिहिते आणि फरीदाबादला शरदकाकाला फोन करते. शरदकाका, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, पुढच्या रविवारी मेट्रो बदलत बदलत येतो. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस, पिशवीत पाना, पक्कड, डांबराचा डबा आणि वाळ्याच्या नव्या ताट्या. "वाळा म्हणजे काय?" असं माझ्या मुलीने, ईराने, लहानपणी विचारलं होतं. "अगं, खस," म्हटल्यावर म्हणाली, "मग खस म्हण ना सीधा." दिल्लीत वाढलेल्या मुलांना मराठीत प्रेम कळतं, रागही कळतो, वाळा मात्र हिंदीतच कळतो.

काका ताट्या बसवतो, पाणी सोडतो, बटण दाबतो. पहिली हवा येते. ओला वाळा, गंजलेला पत्रा, मोटारीचं तेल आणि कुठेतरी खाली राहिलेली धूळ, असा तो वास. मी स्वयंपाकघरात कितीही कामात असले तरी बाहेर येऊन त्या हवेत उभी राहते. लोकांना मोगऱ्याच्या वासाने बालपण आठवतं. मला गंजाच्या वासाने आठवतं. ज्याचं त्याचं नशीब.

फरीदाबादच्या ज्या सेक्टरात मी वाढले त्याला गाव नव्हतं. म्हणजे पिनकोड होता, पण ग्रामदैवत नव्हतं, जत्रा नव्हती, आणि 'आमच्या आजोबांच्या वेळी इथे' असं वाक्य सुरू करू शकेल असा एकही माणूस नव्हता. सगळेच कुठून कुठून नोकरीला आलेले. बाबा कराडहून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आले होते. शेजारी मल्होत्रा होते, त्यांच्यापलीकडे केरळचं एक कुटुंब, वर बंगाली. बागेच्या जागेवर बागेची पाटी होती आणि पाटीखाली खड्डा होता. रस्ते नंबराने ओळखायचे. एकमेकांचे सण कळायला वेळ लागायचा. आई हळदीकुंकवाला बोलवायला गेली तेव्हा मल्होत्रा आंटी आधी घाबरल्या होत्या, कशाची वर्गणी आहे म्हणून.

अशा ठिकाणी पोरांनी आपसांत बोलायचं कशाबद्दल? आम्ही 'कालभेदी'बद्दल बोलायचो.

कालभेदी हा हिंदी कॉमिकचा नायक. आज त्याचं नाव सांगितलं तर माझ्या वयाचे दहा-वीस लोक एकदम उजळतील आणि बाकीचे जेवायला काय आहे ते विचारतील. एका घड्याळजीचा मुलगा, दुकानात स्फोट होतो आणि तो काळात भिरकावला जातो. काळाचा वारा चेहऱ्याला लागू नये म्हणून त्याने मुखवटा घातलेला. त्याच्याकडे टकटक नावाचा लोखंडी घोडा, जो किल्ली दिल्याशिवाय चालत नाही आणि नेमकी ऐन वेळी किल्ली संपते. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर कालभेदी आपल्या गल्लीत येऊन पोचतो. गल्ली तीच असते, शतक चुकलेलं असतं. मग 'क्रमशः'.

शरदकाकाने आपली हिंदी कालभेदीकडून घेतली. हे मी कौतुकाने नाही, घडलं तसं सांगते आहे. डिप्लोमा करून तो कराडहून निघाला तेव्हा त्याची हिंदी शाळेच्या पुस्तकापुरती होती. निजामुद्दीनला उतरला, संध्याकाळ झालेली, आणि बाबा न्यायला यायला उशीर झाला. रडू येऊ नये म्हणून त्याने स्टॉलवर समोर दिसलं ते घेतलं. तो कालभेदीचा पहिला अंक. फलाटावरच्या बाकावर बसून, दिव्याखाली, त्याने तो पुन्हा पुन्हा वाचला. बाबा आले, ट्रंक उचलायची गडबड झाली आणि अंक बाकावरच राहिला. पण भाषा डोक्यात शिरली ती शिरलीच. त्यापुढे त्याने एकही अंक सोडला नाही, आणि हिंदी बोलायला लागला ती थेट नायकाची.

भाजीवाल्याला म्हणे, "हे मित्र, इन टमाटरों का मूल्य क्या है?" बस थांबवायची तर, "वाहन रोको." कारखान्यात एकदा यंत्राचा पट्टा तुटायच्या बेताला आला तेव्हा हा ओरडला, "सावधान, यह यंत्र विनाश की ओर अग्रसर है." सगळे उडी मारून मागे सरले आणि दोघांचे हात वाचले. पलवलकडचा फोरमन नंतर म्हणाला, "साब, थारी हिंदी सुण के तो मसीन भी डर ज्या सै." आई म्हणायची, "भावोजी, तुम्ही बोलायला लागलात की मागे ढग गडगडल्यासारखे वाटतात." काका लाजायचा. पण त्याला दुसरी हिंदी येतच नव्हती. परमुलखात ज्याने पहिल्यांदा बोलायला शिकवलं त्याला माणूस सोडत नाही, एवढीच ती गोष्ट होती. ती समजायला मला स्वतः नोकरीसाठी चेन्नईत दोन वर्षं काढावी लागली.

त्या काळाचा एक शब्द होता, स्कोप. बाजार उघडला होता, सेक्टरात केबल आली होती, चौकाचौकात संगणकाचे क्लास निघाले होते, आणि कुठल्याही गोष्टीकडे बघून मोठी माणसं विचारायची, "याला स्कोप काय?" चित्रकलेला स्कोप नव्हता. इतिहासाला नव्हता. इंग्लिश स्पीकिंगला होता. कालभेदीच्या घोड्याची किल्ली कोणत्या दिशेने फिरते हे माहीत असण्याला तर इतका नव्हता, की बाबा ते बोलूनही दाखवत नसत. ते फक्त वर्तमानपत्र जरा जोरात उलटायचे. "शऱ्या, तेहतीस वर्षांचा घोडा झालास," एवढं म्हणायचे. काका म्हणायचा, "दादा, घोड्याला किल्ली लागते." मी हसायचे आणि मग मलाही ऐकून घ्यावं लागायचं.

आणि अशात भाटियाजींनी 'अक्ल का दंगल' सुरू केलं.

भाटियाजी आमचे केबलवाले. दुपारच्या सिनेमाआधी त्यांच्या स्वतःच्या चॅनलवर एक तास रिकामा असायचा. त्या उन्हाळी सुटीत त्यांनी रविवारी बारा वाजता प्रश्नमंजूषा ठेवली. विषय होता कॉमिक, कार्टून, अंतराळाच्या मालिका आणि व्हिडिओ गेम. इतिहास-भूगोल का नाही, असं कोणीतरी विचारल्यावर भाटियाजींनी दिलेलं उत्तर मी आजही ऑफिसच्या मीटिंगमध्ये मनातल्या मनात वापरते. "ओ जी, हिस्ट्री पूछो तो मास्टर लोग गलती निकालते हैं. इसमें कौन निकालेगा?"

स्टुडिओ म्हणजे त्यांचं गॅरेज. मागे निळी चादर, तिच्यावर थर्माकोलची अक्षरं. सूत्रसंचालक त्यांचा मेहुणा सनी, वरून टाय आणि खाली, कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून, बर्मुडा. एक मोठं माणूस आणि एक मूल अशी जोडी लागायची. पहिल्याच आठवड्यात दोन वडील मुलांना बाजूला सारून आपसांत भांडले, म्हणून नियम झाला, की मोठ्याने कानात सांगायचं, माइकवर उत्तर मुलानेच द्यायचं. दुसरा नियम विजेचा. प्रश्न चालू असताना लाइट गेली तर प्रश्न बाद. आमचा अर्धा सेक्टर एका फीडरवर, अर्धा दुसऱ्यावर, त्यामुळे लाइट गेली तरी निम्म्या घरांत कार्यक्रम दिसावा अशी भाटियाजींची मोठी इच्छा होती, पण गॅरेज नेहमी चुकीच्या निम्म्यात पडायचं. आणि आवाज येतो म्हणून 'चालू' म्हटलं की गॅरेजातला कूलर बंद करायचे. मग सगळे घामाने निथळत विचार करायचे.

पहिलं बक्षीस होतं कूलर. फायबरचा, नवा, न गंजणारा. तो तिथेच कोपऱ्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, लाल रिबीन बांधून उभा असायचा. आमच्या घरचा पत्र्याचा कूलर तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. काका दर आठवड्याला त्याला डांबर लावायचा आणि तो दर आठवड्याला नव्या ठिकाणी गळायचा.

मी तेरा वर्षांची होते. काका आणि मी पहिली फेरी जिंकलो, दुसरी जिंकलो, उपांत्य जिंकलो. भाजीवाला काकाला "आओ कालभेदी जी" म्हणायला लागला. केरळच्या कुटुंबातली आजी, जिला ना हिंदी येत होती ना मराठी, मला बघून अंगठा वर करायची. शाळेत मी वर्गात कुणाच्या लक्षात न येणारी मुलगी होते, दोन वेण्या आणि एक जाड चष्मा. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या डोक्यात जे आहे ते कुणालातरी हवं असू शकतं.

आईला मात्र घोर लागला होता. तिचा दीर लग्नाचा होता, आणि तो दर रविवारी टीव्हीवर लोखंडी घोड्याबद्दल बोलत होता.

तेव्हाच स्थळ आलं. सांगलीचे पाटणकर, मुलगी मृणाल, शाळेत शिक्षिका. वडील सरकारी कामाने दिल्लीला येणार होते, तर मुलीलाही आणतो, म्हणाले. दिल्लीतल्या मराठी लोकांचे असले कार्यक्रम पुष्कळदा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात व्हायचे. पाहुणे तिथेच उतरलेले, उपाहारगृहात पोहे मिळतात, आणि कोणाच्या घराची परीक्षा होत नाही. आम्ही टॅक्सी करून गेलो. वाटेत आईने बजावलं, "भावोजी, छंद विचारले तर वाचन म्हणायचं. पुढे जायचं नाही."

"बिल्कुल, वहिनी."

आत शिरल्यावर फोडणीचा वास आला आणि बाबा एकदम मोकळे झाले. त्यांची बोलीच बदलली, कराडची झाली. पाटणकरांनी पगार विचारला, घर विचारलं, कारखाना टिकेल का विचारलं. काकाने सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग आलं, "छंद काय आहेत?"

"वाचन," आई म्हणाली.

"वा. काय वाचता?"

काकाने आईकडे पाहिलं. आईने पोह्यांकडे पाहिलं. मी टेबलाखालून काकाच्या बुटावर पाय ठेवला. थांबवायला की धीर द्यायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"कालभेदी," काका म्हणाला. आणि विचारलंच आहे तर, म्हणून त्याने सगळं सांगितलं. स्फोट, घोडा, चुकलेली शतकं. पाटणकरांच्या चमच्यावरचे पोहे चमच्यावरच राहिले. बाबा छताकडे बघत होते. तोवर एक शब्द न बोललेली मृणाल तेव्हा पुढे वाकली आणि तिने विचारलं, "मग त्याला शेवटी घरी जाता येतं का?"

"अजून नाही," काका म्हणाला. "अंक चालू आहे."

ती हसली नाही. मान हलवली, खरोखरची माहिती मिळाल्यासारखी. मला ती फार आवडली.

दोन दिवसांनी फोन आला. पाटणकर बाबांशी बोलत होते, पण बाबा रिसीव्हर कानापासून लांब धरायचे, त्यामुळे सगळं घर ऐकत होतं. मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी चांगली आहे. पण फरीदाबादेत त्यांचे नातेवाईक आहेत आणि त्यांनी तो केबलवरचा प्रकार पाहिला आहे. "पोरकटपणा वाटतो हो. येत्या रविवारी फायनल आहे म्हणतात. तिथे ते बसले नाहीत, तर आपण पुढचं बोलू."

घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही. बाबा म्हणाले, "एका रविवारचा तर प्रश्न आहे, शऱ्या. आयुष्य आहे ते." त्यांचं चुकत नव्हतं. मी चाळिशी ओलांडल्यावर मला बाबांचं फारसं कधीच चुकत नव्हतं असं दिसायला लागलंय, आणि तरीही मी त्यांच्या बाजूची नाही. एका रविवारचा प्रश्न असता तर पाटणकरांनी एक रविवार मागितला असता. ते मागत होते ती लाज. तुम्हाला जे आवडतं त्याची थोडी लाज बाळगा, म्हणजे आम्हाला बरं वाटेल.

काका एवढंच म्हणाला, "दादा, मनू फायनलला एकटी बसू शकत नाही. जोडी लागते."

मनू म्हणजे मी.

रविवारी सकाळी आईने काकाचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला. आम्ही निघताना ती वाटी घेऊन दारात आली. परीक्षेला जाताना द्यायची तशी दही-साखर तिने आधी माझ्या आणि मग काकाच्या हातावर ठेवली. "मला हे अजिबात पसंत नाही," ती म्हणाली. "उजव्या हाताने घ्या, भावोजी."

फायनलला समोर गौरव मल्होत्रा आणि त्याचे दादाजी होते. गॅरेजच्या बाहेरसुद्धा माणसं उभी होती. कूलर बंद झाला. आम्ही शेवटच्या प्रश्नापर्यंत बरोबरीत होतो आणि शेवटचा प्रश्न आमचा होता, चुकला तर गुण समोरच्या जोडीला. सनीने गुलाबी कार्ड उचललं.

"कालभेदी के पहले अंक में उसके मुखौटे का रंग क्या था?"

मला उत्तर माहीत होतं. निळा. पहिले काही अंक एकत्र करून काढलेला जाडा डायजेस्ट मी वाचला होता. तो डायजेस्ट भाटियाजींच्या काउंटरवर पडलेला असायचा, त्यातूनच सनी प्रश्न काढायचा, हे आख्ख्या सेक्टराला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका कानाशी आला.

"हिरवा," तो म्हणाला. "पहिल्या छपाईत हिरवा होता, मने. मी पाहिलाय. डायजेस्टात निळा केलाय त्यांनी. कार्डावर निळाच असणार." मग म्हणाला, "तू बोलणार आहेस. तुला वाटेल ते बोल."

मी तो अंक पाहिला नव्हता. कोणीच पाहिला नव्हता. पुरावा म्हणावा असं काही नव्हतं, होता एक बाक आणि बाकावर बसलेला वीस-बावीस वर्षांचा घाबरलेला मुलगा. कोपऱ्यात कूलर उभा होता. चष्म्यावरून घाम ओघळत होता. निळा म्हटलं की कूलर आमचा, आई खूश, बाबा गप्प. आणि लाइट जाईल का, म्हणून मी वाट पाहिली. खरंच पाहिली. त्या दिवशी ती मेली गेली नाही.

"हरा," मी माइकमध्ये म्हटलं.

सनीला वाईट वाटलं असावं. त्याने टाय सैल केला. "ओहो. ग़लत जवाब. सही जवाब है, नीला."

काका उठून उभा राहिला. हात जोडले, आणि त्याच्या त्या एकुलत्या एका हिंदीत, सबंध सेक्टराला थेट दिसत असताना, म्हणाला, "महोदय, आपका कार्ड असत्य है."

"अंकल जी, कार्ड तो कार्ड होता है."

"होता होगा. किंतु असत्य है."

"ओए, ऐड चला दे," भाटियाजी कॅमेऱ्यामागून म्हणाले, आणि सेक्टरभर मिठाईच्या दुकानाची जाहिरात लागली.

घरी आलो तर आई आंबे चिरत होती. सफेदा, म्हणजे आमच्या घरी ज्याला नाइलाज म्हणत तो आंबा. तिने वर न बघता विचारलं, "खरा रंग कुठला होता?"

"हिरवा, वहिनी."

"मग हिरवाच." तिने हात पुसले, अतिथिगृहात फोन लावला, आणि पाटणकरांना सांगितलं, "नमस्कार. बसले हो आमचे भावोजी. हरले पण. आता तुमचं काय ते तुम्ही ठरवा." त्यांनी ठरवलं. बाबांनी वर्तमानपत्र उलटलं, पण हळू. संध्याकाळी मल्होत्रांच्या खिडकीत लाल रिबिनीचा कूलर लागला आणि काकाने आमच्या कूलरला डांबर लावलं. तो पुढे आणखी आठ उन्हाळे चालला. त्याचीच मोटर आज माझ्या बाल्कनीत फिरते आहे. इमारतीची शोभा मला समजत नाही असं नाही.

काकाचं ते वाक्य सेक्टरात पसरलं. आधी चिडवायला. पोरं सायकलवरून जाताना ओरडायची, "कार्ड असत्य है." मग हळूहळू ते वापरात आलं. विजेचं बिल आलं की बंगाली काकू जिन्यातून म्हणायच्या. गौरव मल्होत्रा दहावीत गणितात नापास झाला तेव्हा त्याच्या दादाजींनी निकालाचा कागद हातात घेऊन हेच म्हटलं, आणि फेरतपासणीत तो पुन्हा नापास झाला. म्हणजे कार्ड दर वेळी असत्य असतंच असं नाही. पण म्हणायला मिळालं पाहिजे.

मी बारावीनंतर इतिहास घेतला तेव्हा म्हटलं. माझी आणि नवऱ्याची पत्रिका जुळत नाही असं त्याच्या घरून, नागपूरहून, कळवण्यात आलं तेव्हा काकाने ती पत्रिका दिव्याखाली धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हटलं. सासूबाईंना वाटलं, ज्योतिष शिकलेला माणूस आहे.

कधीकधी वाटतं, एका केबलवाल्याच्या गॅरेजातल्या प्रश्नाचं मी फार करते. करतेच. आज मी एका कंपनीत 'स्ट्रॅटेजी' नावाचं काहीतरी करते आणि ते नेमकं काय हे मला दिवाळीत आत्याला सांगता येत नाही. ज्याला तेव्हा भरपूर स्कोप होता त्या संगणकाच्या क्लासात शिकवलेली एकूण एक गोष्ट रद्दीत गेली. टकटकची किल्ली डावीकडे फिरते, हे मात्र अजून चालू आहे. नातेवाईकांत शरदकाकाचा विषय निघाला की एक सुस्कारा येतो. "बिचारा. लग्न राहिलंच त्याचं." हे वाक्य मी इतक्या लग्नांच्या पंगतींत ऐकलंय, की ते कुठेतरी गुलाबी कार्डावर छापलेलं असावं. हा बिचारा माणूस निवृत्त झाल्यावर सेक्टरातल्या कामगारांच्या मुलांना हिंदी वाचायला शिकवतो, आणि त्या गल्लीतली सात-आठ वर्षांची पोरं आज भाजीवाल्याला मूल्य विचारतात. मृणालचं नाव त्याने त्यानंतर एकदाच घेतलं. मीच विचारलं होतं, वाईट वाटतं का म्हणून. पाना पुसून पिशवीत ठेवला त्याने. मग म्हणाला, "वाटतं. प्रश्न फार चांगला विचारला होता तिने."

कालभेदी मध्येच बंद पडला. तो घरी पोचला की नाही, कोणालाच माहीत नाही.

मागच्या वर्षी नवऱ्याने जेवताना एक शास्त्रीय मुद्दा काढला. तो इंजिनिअर आहे, त्याला असे मुद्दे सुचतात. म्हणाला, "काका, स्टेशनवर तेव्हा पिवळे बल्ब असायचे ना? पिवळ्या उजेडात निळा रंग हिरवट दिसतो." मी नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने आपण होऊन आणखी भात घेतला. काका भात कालवत राहिला. शेवटी म्हणाला, "असेल." आणि आमटी ओरपली.

म्हणजे कदाचित कार्ड बरोबर होतं. हे कळल्यावर मी त्या रात्री स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, की आता तो माइक पुन्हा समोर आला तर? उत्तर यायला वेळ लागला नाही. हिरवा. मला तेव्हा मुखवट्याचा रंग विचारलाच नव्हता. तू कोणाच्या जोडीची, हे विचारलं होतं.

या रविवारी काका आला. बाल्कनीत ताट्या बसवत होता. ईरा जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून बसली होती. तिच्या कॉलेजच्या महोत्सवात फॅन लोकांची प्रश्नमंजूषा आहे, आणि ती बाईसाहेब सूत्रसंचालक. परीक्षा तोंडावर आहे. नवऱ्याने "याने सीव्हीला काही फायदा?" असं विचारून पाहिलं, म्हणजे आमच्या घरी स्कोप नवे कपडे घालून परत आला. मी म्हटलं, "काही नाही. करू दे."

"आई," ईरा म्हणाली, "जुन्या देसी कॉमिकचा एक राउंड आहे. मी कालभेदी टाकतेय. पहिल्या अंकातल्या मुखवट्याचा रंग. यार, पण नेटवर सगळीकडे निळा आहे. काय लिहू?"

पेन तिच्या हातात होतं. कार्ड कोरं होतं. इतक्या वर्षांत कार्ड आमच्या बाजूला कधी आलं नव्हतं.

"हिरवा लिही," मी म्हटलं.

"आणि कोणी निळा म्हणालं तर? भांडतील ना लोक. प्रूफ मागतील."

बाल्कनीतला ठोकण्याचा आवाज थांबला. काका आत डोकावला, हाताला डांबर, केसांत सेमलाचा कापूस.

"मग त्याला विचार, तू कुठल्या दिव्याखाली वाचलंस," तो म्हणाला. "नीट ऐकून घे. चांगली गोष्ट असेल त्याची." मग वळून त्याने कूलरचं बटण दाबलं, आणि गंजाचा वास घरात शिरता शिरता आवाज चढवून म्हणाला, "गुण मात्र हिरव्यालाच."